‘कधी जॉइन होऊ शकाल?’ : ९० दिवसांची नोटीस असताना काय सांगायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका आयटी कंपनीत चार वर्षं सात महिने झाले आहेत. नेमणूक पत्रात ९० दिवसांची नोटीस आहे. मुलाखतीसाठी फोन येतात, पण ‘९० दिवस’ म्हटलं की पलीकडून ‘कळवतो’ असं उत्तर येतं आणि पुन्हा फोन येत नाही. ‘३० दिवसांत येतो’ म्हणावं, तर तसं सोडतील याची खात्री नाही. डिसेंबरमध्ये बहिणीचं लग्न आहे, त्याचं कधी आणि कसं सांगायचं? आणि ऑफर हातात नसताना आधीच राजीनामा देऊन टाकावा का, म्हणजे निदान ‘सर्व्हिंग नोटीस’ असं सांगता येईल?

मी पुण्यात बरीच वर्षं भरतीचं काम करते, आधी चाकण-भोसरीच्या कारखान्यांसाठी आणि नंतर आयटीसाठी. या एका प्रश्नावर चांगली चांगली माणसं हातातली संधी घालवताना पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उत्तर सांगते. अशीच तारीख सांगा जी फक्त तुमच्या हातात असलेल्या गोष्टींवर उभी आहे. नोटीस ९० दिवसांची असेल तर ९० म्हणा. मोजायला सुरुवात ऑफर लेटर हातात आल्यापासून करा. आणि ते दिवस किती कमी होऊ शकतात व कशाच्या जोरावर, हे त्याच दमात सांगा. जी सवलत तुमच्या मॅनेजरच्या मर्जीवर आहे, तिचं वचन तुम्ही देऊ नका.

आता हा प्रश्न विचारतं कोण, ते बघा. पहिला फोन येतो तो रिक्रूटरचा. तिच्यासमोर एक्सेलची शीट उघडी असते: एकूण अनुभव, सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस, शेवटचा दिवस, राहण्याचं ठिकाण. तिला त्या रकान्यात काहीतरी भरून शीट संध्याकाळपर्यंत पुढे पाठवायची असते. तिथे तुम्ही प्रोजेक्टची सगळी कहाणी सांगितलीत तरी रकान्यात शेवटी ‘९०’ एवढंच जाणार. म्हणून असं बोला (बायआऊट म्हणजे उरलेल्या नोटिशीच्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटणं):

‘नोटीस पत्राप्रमाणे ९० दिवस आहे. बायआऊटची सोय पत्रात आहे, आणि माझी १८ दिवसांची रजा शिल्लक आहे. ६० दिवसांपर्यंत आणायचा प्रयत्न करू शकतो, पण ते मॅनेजरशी बोलल्याशिवाय नक्की सांगणार नाही.’

म्हणजे रकान्यात ‘९०, बायआऊट शक्य’ असं जातं. नुसत्या ९० पेक्षा याला नक्कीच जास्त वजन आहे, आणि पुढे कोणी ‘तुम्ही तर ३० म्हणाला होता’ असं तोंडावर मारू शकत नाही.

नौकरी डॉट कॉमवर नोटिशीचे ठरावीक पर्याय असतात: १५ दिवस किंवा कमी, एक महिना, दोन महिने, तीन महिने, त्याहून जास्त, आणि ‘सर्व्हिंग नोटीस पिरियड’. रिक्रूटर याच पर्यायांवर चाळणी लावतात, त्यामुळे पुष्कळ जण १५ दिवस टाकून ठेवतात. फोन येतातही. पण ‘राजीनामा स्वीकारल्याचा मेल पाठवा’ असं म्हटलं की गाडी तिथेच थांबते, आणि त्या कंपनीच्या नोंदीत तुमच्या नावापुढे चुकीची माहिती दिल्याचा शेरा राहतो. प्रोफाइलवर खरं ते टाका आणि वरच्या ओळीत बायआऊटचा उल्लेख करा. फोन कमी येतील, पण जे येतील ते पुढे जाणारे असतील.

दुसऱ्यांदा हाच प्रश्न विचारतो तो ज्याच्या टीममध्ये तुम्ही जाणार तो मॅनेजर, आणि खरी बोलणी इथे होतात. त्याला तुमचे दिवस मोजायचे नसतात. क्लायंटला दिलेली तारीख किंवा सोडून चाललेला माणूस, यांपैकी काहीतरी त्याच्या डोक्यात असतं. त्याला उलट विचारा: ‘ही जागा नवीन कामासाठी आहे की कोणाच्या जागी? काम प्रत्यक्ष कधी सुरू होतंय?’ कोणी सोडून जात असेल आणि त्याच्याकडून केटी (कामाची सगळी माहिती) घ्यायची असेल, तर ९० दिवस खरोखरच अडचणीचे ठरतात. मग तो नाही म्हणाला तर मनाला लावून घेऊ नका. काम दोन-तीन महिन्यांनी सुरू होणार असेल तर तोच मॅनेजर तुमच्यासाठी एचआरशी भांडतो. त्याच्या स्वतःच्या कंपनीतही बहुधा ९० दिवसांचीच नोटीस असते, त्यामुळे हे दुखणं त्याला समजावून सांगावं लागत नाही.

या टप्प्यावर ‘तुम्ही म्हणाल तेव्हा येतो’ हे उत्तर बिलकुल नको. हातातलं काम चालू असताना कोणी असं म्हटलं, तर समोरच्याला पहिली शंका येते ती हीच, की उद्या हा आपल्यालाही असाच सोडून जाईल. काही मॅनेजर मुद्दाम ‘पुढच्या सोमवारी येता का?’ असं विचारून बघतात. त्यावर शांतपणे सांगा: ‘सध्याचं काम नीट हातावेगळं करूनच येईन. त्याला इतके दिवस लागतील.’ हे ऐकून नकार देणारी कंपनी माझ्या पाहण्यात विरळाच आहे.

तिसऱ्यांदा एचआर विचारते, आणि ती तारीख ऑफर लेटरवर छापली जाते. इथे भिडेखातर मान डोलवू नका. बऱ्याच ऑफर लेटरमध्ये ‘या तारखेपर्यंत रुजू न झाल्यास हा देकार रद्द समजावा’ असं वाक्य असतं. छापलेली तारीख जमणारी नसेल तर सही करण्याआधी मेल करून बदलून घ्या. फोनवर ‘हो हो, आठवडा इकडेतिकडे चालेल’ असं कोणी म्हणालं, तर तेच वाक्य मेलमध्ये लिहून त्यांना पाठवा आणि उत्तर येऊ द्या. ती रिक्रूटर महिन्याभरात स्वतःच नोकरी बदलू शकते. मागे राहतो तो मेल.

आता गृहपाठ, जो मुलाखतीला जायच्या आधी करायचा असतो आणि फार थोडे जण करतात. नेमणूक पत्र काढा आणि नोटिशीचं कलम शब्द न् शब्द वाचा. ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. एकात लिहिलेलं असतं, की दोन्हींपैकी कोणताही पक्ष तीन महिन्यांची लेखी नोटीस किंवा त्याऐवजी तेवढ्या काळाचं वेतन देऊन नोकरी संपवू शकेल. दुसऱ्यात त्याच्या शेवटी एक शेपूट असतं: नोटिशीऐवजी वेतन स्वीकारायचं की नाही, हा निर्णय सर्वस्वी व्यवस्थापनाचा राहील. पहिला प्रकार असेल तर पैसे भरून लवकर निघण्याची मुभा तुम्हाला पत्रानेच दिली आहे. दुसरा असेल तर तुम्ही पैसे पुढे केलेत तरी कंपनी ‘नको, पूर्ण दिवस काढा’ म्हणू शकते. ‘बायआऊटची सोय आहे’ हे वाक्य मुलाखतीत बोलायचं की नाही, हे या एका शेपटावर ठरतं.

मग वेतन म्हणजे कोणतं वेतन, ते पाहा. समजा महिन्याचा एकूण पगार ८०,००० आहे आणि त्यात बेसिक (मूळ वेतन) ४०,०००. साठ दिवस विकत घ्यायचे तर बेसिकवर हिशेब केल्यास ८०,००० रुपये भरावे लागतील आणि ग्रॉसवर, म्हणजे एकूण पगारावर, केल्यास १,६०,०००. दुप्पट फरक आहे. नवी कंपनी ‘बायआऊट आम्ही देऊ’ म्हणाली तर चार गोष्टी विचारून घ्या: कमाल किती, आधी मिळणार की मी भरल्यावर पावती दाखवून, पगारातून दिल्यास कर कापणार का, आणि वर्षाच्या आत सोडल्यास परत मागणार का. बहुतेक ठिकाणी आधी तुमच्या खिशातून जातात आणि जॉइन झाल्यावर कर कापून परत मिळतात. ती रक्कम तेवढे दिवस जवळ असायला हवी. जुन्या कंपनीने बायआऊटच्या रकमेवर जीएसटी लावला तर हरकत घ्या. नोटिशीच्या बदल्यात वसूल केलेल्या रकमेवर जीएसटी लागत नाही, असा खुलासा ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने झालेला आहे.

दिवस मोजतानाही गफलत होते. ९० दिवस म्हणजे सहसा कॅलेंडरचे दिवस. १ जुलैला राजीनामा दिला आणि तोच दिवस पहिला धरला, तर ९० वा दिवस २८ सप्टेंबर. पत्रात ‘तीन महिने’ लिहिलं असेल तर ३० सप्टेंबर. त्यात नोटिशीच्या काळात घेतलेली रजा कित्येक कंपन्या पुढे जोडतात, म्हणजे चार दिवस गावी गेलात की शेवटचा दिवस चार दिवस पुढे. याच्या उलट, शिल्लक रजा नोटिशीतून वजा करून देणाऱ्या कंपन्याही आहेत. तुमच्याकडे काय चालतं हे एचआर पॉलिसीत असतं. ती पोर्टलवर वाचता येते, कोणाला विचारून संशय यायला नको. आणि लक्षात ठेवा, मुलाखत जूनच्या सुरुवातीला झाली तरी ऑफर लेटर यायला दोन-तीन आठवडे सहज जातात. ‘आजपासून ९० दिवस’ असं बोलून बसलात तर ते आठवडे तुमच्याच अंगावर पडतील.

तुमच्या बाबतीत याहून मोठी गोष्ट आहे ती ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांची. कायम नोकरीत तिला पाच वर्षांची अट आहे. ती १९७२ च्या कायद्यात होती आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. चार वर्षं सात महिने झालेल्या माणसाने पूर्ण ९० दिवस काढले तरी शेवटचा दिवस येतो चार वर्षं दहा महिन्यांच्या आसपास. हिशेब असतो शेवटचं मासिक वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. हे वेतन ४०,००० धरलं तर पाच वर्षांचे साधारण १,१५,००० रुपये होतात. दोन महिन्यांसाठी ते सोडायचे का, हे आधी ठरवा. पाचव्या वर्षात २४० दिवस (पाच दिवसांचा आठवडा असेल तिथे १९०) भरले की पाच वर्षं पूर्ण धरावीत, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने दिलेला आहे, पण सगळ्या कंपन्या तो मानत नाहीत. तुमची कंपनी मानत असेल, तर ‘लवकर सोडा’ म्हणून मागे लागण्याआधी तुमचे दिवस भरतात का ते मोजून घ्या. नवी कंपनी घाई करत असेल तर सरळ सांगा: ‘तुमच्या तारखेला आलो तर माझी ग्रॅच्युइटी बुडते. तेवढा जॉइनिंग बोनस द्याल का?’ ही मागणी रास्त आहे आणि अनेकदा मान्य होते. असाच वार्षिक बोनसचाही विचार करा. तो मिळण्याच्या दिवशी तुम्ही रजिस्टरवर असायला हवं, काही ठिकाणी तर नोटिशीवर नसावं, अशी अट असते.

लोक मला विचारतात, की कंपनीने सोडलंच नाही तर? कोणाला जबरदस्तीने नोकरीवर ठेवण्याचा आदेश न्यायालय देत नाही, १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमात तशी तरतूदच आहे. पण म्हणून उद्यापासून न जाणं परवडतं असं समजू नका. कंपनी रिलीव्हिंग लेटर (रीतसर मोकळं केल्याचं पत्र) अडवते आणि करारातली रक्कम मागते. नोकरीचे बॉन्ड म्हणजे नुसता कागद, असंही नाही. एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली आहे. आयटीत रिलीव्हिंग लेटरशिवाय बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन (आधीच्या नोकरीची पडताळणी) अडतं, आणि ते अडलं की नवी नोकरीही धोक्यात येते.

व्हेरिफिकेशनवरून आठवलं. जुन्या कंपनीचा शेवटचा दिवस आणि नव्या कंपनीचा पहिला दिवस एकमेकांवर चढू देऊ नका. पीएफच्या खात्यात दोन्ही तारखा नोंदल्या जातात, आणि एका दिवसाचा जरी ओव्हरलॅप दिसला तरी एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्याचा संशय येतो. पूर्वी तर यामुळे पीएफ ट्रान्सफरही अडकायचा. मध्ये निदान एक दिवस ठेवा, मी तर चार-पाच सुचवते. नव्या जागी पगाराची कटऑफ तारीख कोणती तेही विचारा. बऱ्याच कंपन्यांत महिन्याच्या २० ते २५ च्या दरम्यान असते, आणि त्यानंतर जॉइन झालात तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या शेवटी हातात पडतो. घराचा हप्ता चालू असलेल्या माणसाला हे आधी माहीत असलेलं बरं. काहींना पितृपक्षात किंवा अमावस्येला रुजू व्हायचं नसतं, घरचे ऐकत नाहीत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ‘आठवडाभर पुढची तारीख चालेल का?’ एवढं विचारलं तरी पुरतं, कारण अशा विनंत्या एचआरला दरवर्षी येतात.

आता तुमचा अवघड प्रश्न, ऑफर नसताना राजीनामा द्यावा का. हे मान्य करायलाच हवं, की नोटिशीवर असलेल्या माणसाला फोन जास्त येतात आणि निर्णयही लवकर होतात. शेवटच्या ३० दिवसांत तर एकाच वेळी दोन-तीन ऑफर हाती असलेले लोक मी रोज बघते. पण त्या ९० दिवसांत बाजार थंडावला, किंवा आलेली ऑफर ‘सध्या भरती थांबवली आहे’ म्हणून लटकली, तर तुमची बोलणी करायची ताकद रोज कमी होत जाते. शेवटच्या आठवड्यात मिळेल तो पगार घ्यावा लागतो. सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला असतील, घरात दुसरा पगार येत असेल, आणि तुमच्या कामाला मागणी आहे हे गेल्या काही मुलाखतींवरून दिसत असेल, तर विचार करा. नाहीतर करू नका. तुम्हाला तर ग्रॅच्युइटीचंही कारण आहे. मी तुमच्या जागी असते तर पाच वर्षं पूर्ण होण्याच्या बेताने शेवटचा दिवस येईल असा राजीनामा आखला असता, आणि तोपर्यंत मुलाखती देत राहिले असते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. सध्या नोकरी नसेल तर ‘लगेच’ म्हणायला घाबरू नका. ‘दोन दिवसांत येऊ शकतो’ म्हणा. उगाच पंधरा दिवस सांगून आपण रिकामे नाही असं भासवण्याची गरज नाही. चाकण, तळेगावच्या कारखान्यांत ‘उद्यापासून या’ असं खरोखरच म्हणतात, तिथे त्यांना मेडिकल आणि कागदपत्रं तयार असलेला माणूस हवा असतो. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी निकालाची तारीख स्वतः ठोकून देऊ नये. परीक्षा कधी संपते ते सांगावं, आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेट नंतर दिलं तर चालेल का ते विचारावं. नागपूर-अमरावतीकडून पुण्याला कुटुंबासह येणाऱ्यांनी घर शोधायला आणि मुलांच्या शाळेला लागणारा वेळ तारखेत धरावा. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, पुण्यातल्या शाळा त्याआधीच सुरू झालेल्या असतात.

मुलींना या प्रश्नाच्या आडून ‘लग्न कधी?’, ‘काही प्लॅनिंग?’ असं विचारलं जातं. आजही. त्याचं उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. ‘मी या तारखेपासून पूर्णवेळ उपलब्ध आहे’ एवढंच पुन्हा सांगा. गरोदर असाल आणि नोकरी बदलत असाल, तर हे माहीत असू द्या, की पगारी प्रसूती रजेसाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या कंपनीत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. जॉइनिंगची तारीख ठरवताना हा हिशेब तुम्ही स्वतःपुरता करून ठेवा.

राहिलं बहिणीचं लग्न. रिक्रूटरच्या फोनवर ते काढू नका, मॅनेजरच्या मुलाखतीतही नको. पगार ठरला, ऑफर येणार हे नक्की झालं, की एचआरशी तारीख बोलताना सांगा: ‘डिसेंबरमध्ये घरचं लग्न आहे, या तारखेपासून या तारखेपर्यंत पाच दिवस सुट्टी लागेल. प्रोबेशनमध्ये रजा मिळत नसेल तर बिनपगारी चालेल.’ ते ऑफर लेटरसोबतच्या मेलमध्ये लिहून घ्या, आणि जॉइन झाल्यावर पहिल्या आठवड्यात नव्या मॅनेजरला तोच मेल पुढे पाठवा, कारण एचआरने त्याला सांगितलेलं असेलच असं नाही. जॉइनिंगच लग्नाच्या आठवड्यात येत असेल, तर लग्न उरकून पुढच्या सोमवारी रुजू होण्याची तारीख मागा.